नेट नेमकं कुठे अडतंय? घरी पहिल्यांदाच वायरलेस इंटरनेट घेणाऱ्यांसाठी

"राउटरचे सगळे दिवे लागलेत, मोबाइलवर पूर्ण रेंज दिसतेय, पण काहीच उघडत नाही." "प्लॅन १०० चा घेतला आणि डाउनलोडला १२ दाखवतंय." "हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत नुसतं गोल गोल फिरत बसतं." घरगुती वायरलेस इंटरनेटच्या ग्राहकांचे फोन मी बरीच वर्षं घेतले. माणसं वेगळी, घरं वेगळी, प्रश्न मात्र फिरून तेच. पुष्कळदा माणूस दोन-तीन दिवस वैतागलेला असायचा, ऑफिसची एखादी मीटिंग बुडालेली असायची, आणि दुरुस्ती निघायची पाच मिनिटांची. त्या पाच मिनिटांत काय करायचं हे आधीच माहीत असतं तर त्याचा त्रास वाचला असता, हे मला तेव्हाही टोचायचं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. तुमच्या घरी येणाऱ्या इंटरनेटचा हवेतला प्रवास एक नसतो, दोन असतात. पहिला टॉवरपासून किंवा उपग्रहापासून तुमच्या घरापर्यंत. दुसरा घरातल्या राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत. पहिला प्रवास कंपनीनं सांभाळायचा, दुसरा बराचसा तुमच्या हातात असतो. आपण दोन्हींना सरसकट 'नेट' म्हणतो आणि तिथेच गाडी चुकते. मोबाइलच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह फक्त दुसऱ्या प्रवासाबद्दल बोलतं. ते पूर्ण भरलेलं असेल तर राउटरचा सिग्नल चांगला पोहोचतोय, एवढंच. राउटरला बाहेरून काही मिळतंय की नाही, हे त्या चिन्हाला माहीत नसतं.

पायरी १: आपल्याकडे काय बसवलंय ते ओळखा

छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर चपटा डबा किंवा लहान डिश बसवली असेल, तिचं तोंड दूरच्या टॉवरकडे असेल आणि तिथून एक केबल खाली घरात येत असेल, तर हा पहिला प्रकार. राउटरमध्येच सिम कार्ड घातलेलं असेल तर दुसरा; यात मोबाइलचंच ४जी किंवा ५जी जाळं घरासाठी वापरलेलं असतं. आभाळाकडे तोंड केलेली अँटेना असेल तर तिसरा, उपग्रहाचा.

उपग्रहवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "स्पीड भरपूर दाखवतो, मग व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकांच्या बोलण्यात का घुसतो?" भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून पाहता एकाच जागी स्थिर दिसणारा, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली उतरते, उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. चार फेऱ्या मिळून जवळजवळ १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं धावूनही यात अर्धा सेकंद जातोच. कोणताही मोठा प्लॅन हे अंतर कमी करू शकत नाही. साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत ही अडचण जवळपास राहत नाही. त्यामुळे घ्यायच्या आधी सेवा कोणत्या उंचीवरच्या उपग्रहाची आहे, हे जरूर विचारा.

छतावरच्या डब्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची तब्येत कशानं बिघडते हे ग्राहकाला कुणी सांगतच नाही. डब्याला टॉवर 'दिसावा' लागतो, हे बसवणारा सांगतो. पण नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. त्या रेषेभोवती, मधोमध फुगलेली, लांबट काकडीसारखी एक जागा मोकळी लागते. टॉवर २ किलोमीटरवर असेल आणि लहरी ५ गीगाहर्ट्झच्या असतील, तर मध्यभागी तिची त्रिज्या सुमारे साडेपाच मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग तरी मोकळा असावा लागतो. झाडाचा शेंडा रेषेच्या दोन मीटर खाली असला तरी डोळ्यांना टॉवर स्वच्छ दिसतो, लहरींना मात्र तो आडवा येतो. "सहा महिने उत्तम चाललं, आता रोज तुटतं, घरात तर आम्ही काही बदललं नाही" अशी तक्रार करणारे एक गृहस्थ मला आठवतात. राउटर बदलून झाला, केबल बदलून झाली. शेवटी कुणीतरी छतावर जाऊन पाहिलं. जोडणी पानगळीत झाली होती आणि वाटेतलं झाड आता पानांनी भरलं होतं. डबा दीड मीटर उंच खांबावर चढवला आणि प्रश्न संपला. तोवर सगळी धावपळ घरातल्या राउटरभोवती चालली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पायरी २: केबल लावून मोजा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, राउटरच्या लॅन पोर्टला (मागचं 'लॅन' लिहिलेलं तोंड) केबलनं लॅपटॉप जोडा, घरातली बाकी उपकरणं थोडा वेळ थांबवा आणि स्पीड टेस्ट घ्या. आकडा लिहून ठेवा. मग केबल काढा, राउटरपासून दोन मीटरवर बसून वायफायवर तीच चाचणी घ्या. तिसरी चाचणी जिथे त्रास होतो त्या खोलीत.

केबलवरच आकडा पडला असेल तर दोष पहिल्या प्रवासात आहे. कंपनीला फोन करा. केबलवर ठीक आणि खोलीत आकडा पडला, तर दोष दुसऱ्या प्रवासात आहे. कंपनीचा माणूस येऊन फारसं काही करू शकणार नाही, पायरी ४ वाचा. केबल आणि राउटरशेजारचं वायफाय या दोन आकड्यांतच मोठी तफावत असेल तर राउटर जुना आहे किंवा तुम्ही वायफायच्या मंद, २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्याला जोडलेले आहात (तेही पायरी ४ मध्ये).

ही चाचणी एकदा घेऊन उपयोग नाही. सकाळी लवकर एकदा आणि रात्री साडेनऊच्या सुमारास एकदा, असं दोन-तीन दिवस करा. टॉवरची ताकद आसपासच्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते आणि रात्री सगळेच पडद्यासमोर असतात. केबलवरचा सकाळचा आकडा उत्तम आणि रात्रीचा त्याच्या चौथाई असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. रात्री केबलवर ठीक पण वायफायवर वाईट असेल, तर शेजाऱ्यांचे राउटर तुमच्या राउटरवर ओरडतायत. तक्रार दोघांचीही "रात्री स्लो होतं" अशीच असते, पण इलाज पूर्ण वेगळे.

एक सापळा लक्षात ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि केबलवर नेहमी ९३ ते ९५ च्या आसपासच अडकतंय, कमी नाही की जास्त नाही, असं दिसलं तर कंपनीला दोष देण्याआधी केबल बदलून पाहा. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गीगाबिट वेगाला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार टोकाशी तुटली की जोडणी निमूटपणे १०० वर उतरते आणि कुठलाही दिवा त्याची तक्रार करत नाही. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तेही पाहून घ्या.

पायरी ३: आकड्यांचा अर्थ लावा

प्लॅनमधला आकडा सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा असतो, फाइलचा आकार आणि डाउनलोडचा वेग बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दिसतो. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ मेगाबाइटनं झालं तर ते पूर्णच मिळतंय. यात फसवणूक नाही.

लागतं किती? साधा एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएसमध्ये चालतो, ४के ला १५ ते २५ धरा, व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. चार माणसांच्या घरात ५० आणि ३०० मधला फरक रोजच्या वापरात अनेकदा जाणवतही नाही. आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून मोठा प्लॅन घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवत आलो. टाकी मोठी केली म्हणून चोंदलेला नळ जोरात वाहत नाही.

"घरात कुणी फोटो बॅकअपला लावले की माझी मीटिंग तुटते" हे याच गटातलं गाऱ्हाणं, आणि ते अगदी खरं आहे. वायरलेस प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. फोटो वर चढायला लागले की ती अरुंद वाट भरून जाते आणि तुमच्या आवाजाची पाकिटं मागे रांगेत उभी राहतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती घेताना बॅकअप चालू नसतो. एकजण मोठी फाइल अपलोड करत असताना दुसऱ्यानं पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजावं. एरवी ३० मिलिसेकंद असणारा आकडा ४०० च्या वर गेला तर रोग सापडला. राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची, कुणाला आधी वाट द्यायची हे ठरवणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. ते जमत नसेल तर बॅकअप रात्री झोपताना लावा.

पायरी ४: राउटरला नीट जागा द्या

राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर पायाशी ठेवलेला असतो, कारण दिसायला बरा दिसत नाही. त्याची किंमत तुम्ही रोज मोजत असता. त्याला घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर ठेवा. धातू आणि पाणी हे त्याचे शत्रू. फ्रिज, मोठा आरसा (त्याच्यामागे धातूचा थर असतो), माशांची टाकी, सळयांची काँक्रीटची भिंत, यांतलं काहीही राउटर आणि तुमच्यामध्ये आलं की सिग्नल गळतो. राउटरला बाहेर दांड्या असतील तर त्या उभ्या ठेवा. उभ्या दांडीचा सिग्नल आडवा पसरतो, म्हणजे त्याच मजल्यावर.

बहुतेक राउटर दोन पट्टे देतात. २.४ गीगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण मंद असतो आणि गजबजलेला. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात, २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालते. दूध गरम करताना कॉल तुटत असेल तर तो भास नाही. ५ गीगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींनंतर दमतो. ज्या खोलीत राउटर आहे तिथे आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, दूरच्या टोकाला किंवा दिवा-कॅमेऱ्यासारख्या लहान उपकरणांना २.४. शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असेल तर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल हातानं निवडा. हे तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मधलाच ३ किंवा ८ निवडला तर दोन्ही बाजूंची भांडणं अंगावर येतात.

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, घेण्याआधी एक जाणून घ्या. एकच रेडिओ असलेला स्वस्त रिपीटर ऐकतोही त्यावरच आणि बोलतोही त्यावरच, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे सिग्नल नाही त्या खोलीतच लावतात, म्हणजे त्याला पुढे पाठवायला हातात काही नसतंच. तो वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावायचा. मेशचे डबे, म्हणजे एकमेकांशी जोडून मिळून एकच वायफाय देणारे, याहून बरे. पण सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे एक केबल दूरच्या खोलीपर्यंत नेणं आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावणं. दिसायला साधं, पण एकदा केलं की वर्षानुवर्षं कुरकुर नाही.

सिमच्या राउटरवाल्यांची इथे खरी ओढाताण होते. पहिल्या प्रवासासाठी त्याला टॉवरच्या बाजूची खिडकी हवी असते, दुसऱ्यासाठी घराचा मध्य. दोन्ही एकाच जागी क्वचितच जुळतं. आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'आरएसआरपी' हा टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आकडा शोधा. उणे ८० च्या आसपास असेल तर छान, उणे १०० म्हणजे काठावर, उणे ११० च्या खाली म्हणजे वाईट. उणे चिन्ह सोडून आकडा जितका लहान तितका चांगला. प्रत्येक खिडकीत राउटर दोन-तीन मिनिटं ठेवून आकडा लिहा. ३ अंकांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो सिग्नलच्या ताकदीत दुप्पट असतो. १० चा फरक दहापट. उत्तम खिडकी सापडली की राउटर तिथेच ठेवा आणि घराच्या मध्यापर्यंत केबल ओढून दुसरा राउटर लावा. दोन प्रवास आहेत, तर दोन जागा द्या.

पायरी ५: बंद-चालू करा, पण रीसेट नको

राउटर बंद करून पुन्हा चालू करणं निराळं आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं निराळं. टाचणीनं राउटर कोरा होतो, कंपनीनं भरलेलं लॉगिन पुसलं जातं, आणि मग खरोखरच माणूस येईपर्यंत नेट येत नाही. ही चूक अगदी शहाणीसुरती माणसंही घाईत करतात. कृपा करून ते भोक विसरून जा.

छतावरच्या डब्याला वीज, नेट खाली आणणाऱ्या केबलमधूनच जाते. त्यासाठी घरात एक लहान ॲडॅप्टर असतो, त्याला दोन तोंडं असतात: 'पीओई' लिहिलेलं तोंड वर डब्याकडे, 'लॅन' लिहिलेलं राउटरकडे. साफसफाईत केबल निघाल्या आणि उलट्या लागल्या तर डबा मेल्यासारखा पडतो, कधी राउटरचा पोर्टही जळतो. आजच दोन्ही केबलना चिकटपट्टी लावून नावं लिहा. बंद-चालू करताना आधी हा ॲडॅप्टर अर्धा मिनिट काढून पुन्हा लावा, डब्याला दोन-तीन मिनिटं द्या, मग राउटर सुरू करा.

वीज गेल्यावर नेट चालावं म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावणारे या ॲडॅप्टरला विसरतात. राउटर जागा, वायफाय पूर्ण, आणि छतावरचा डबा झोपलेला. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात, डब्याला २४ किंवा ४८. यूपीएस घेताना दोन्ही ॲडॅप्टरवर छापलेले आकडे सोबत न्या.

थोडक्यात उत्तरं असलेले काही प्रश्न

पावसात नेट का जातं? २.४ आणि ५ गीगाहर्ट्झला पावसाचा थेंब फारसा अडवत नाही. साधारण १० च्या वरच्या लहरींना अडवतो. म्हणून उपग्रहाची सेवा मुसळधार पावसात तुटते आणि पाऊस ओसरला की आपोआप येते. छतावरच्या ५ गीगाहर्ट्झच्या डब्याचं नेट पाऊस थांबल्यावरही तासन् तास येत नसेल, तर केबलच्या जोडात पाणी शिरलंय किंवा वाटेतली पानं ओली आहेत. वादळात विजा कडकडत असतील तर ॲडॅप्टरचा प्लग आणि राउटरला येणारी केबल, दोन्ही काढून ठेवा.

घरचा कॅमेरा बाहेरून का दिसत नाही? जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून अनेक कंपन्या कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्हीही त्यात आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट काढून देणाऱ्या सेटिंगवर, कितीही रात्री घालवल्या तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा किंवा क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या.

पासवर्ड कोणता बदलायचा? दोन्ही. एक वायफायचा, एक राउटरच्या सेटिंगचा. पहिला सगळे बदलतात, दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारांत डब्ल्यूपीए३ असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी हा जुना, कमकुवत प्रकारच तेवढा दिसला तर तो राउटर निवृत्त करा. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडू देणारी सोय) बंद ठेवा. त्याच्या पिनमधली पळवाट २०११ पासून जगजाहीर आहे. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा.

राउटरच्या लहरी अपायकारक आहेत का? हा प्रश्न विचारताना लोक संकोचतात, संकोचू नका. घरच्या राउटरची प्रक्षेपणाची ताकद वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि अंतर दुप्पट झालं की तुमच्यापर्यंत पोहोचणारी तीव्रता चौथाई होते. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढणाऱ्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना '२बी' गटात ठेवलं, म्हणजे पुरावा मर्यादित, शक्यता नाकारलेली नाही. मनाला बरं वाटत असेल तर उशाशी राउटर ठेवू नका. दोन मीटर दूर ठेवल्यानं वायफायचं काहीच बिघडत नाही.

पायरी ६: फोन करताना

"नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा "राउटर बंद करून चालू करा" म्हणणार, आणि त्याचंही चुकत नाही, कारण त्याच्यापुढे दुसरं काही नसतं. त्याऐवजी असं सांगा: "काल रात्री साडेनऊला वायफाय बंद ठेवून केबलवर १४ मिळाले. आज सकाळी सातला त्याच केबलवर ९२. तीन दिवस असंच चाललंय. ॲडॅप्टर बंद-चालू करून झालाय. छतावरच्या डब्यावर सिग्नलच्या चारपैकी दोनच दिवे लागतायत." असं बोलणाऱ्या ग्राहकाची तक्रार पहिल्या टप्प्यावर अडकत नाही, ती सरळ टॉवर पाहणाऱ्या माणसांकडे जाते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वही जवळ ठेवा.

आणि जोडणी अजून व्हायची असेल तर बसवणारा माणूस निघण्यापूर्वी त्याच्या मोबाइलवर दिसणाऱ्या सिग्नलच्या आकड्याचा फोटो काढून घ्या, तारखेसकट. सहा महिन्यांनी कुरकुर सुरू झाली की पहिली तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.